हातटाक्याची चप्पल

५ एप्रिल

प्रिय आत्या,

तुला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘तू’, यावर काल माझं आणि आईचं बराच वेळ चाललं होतं. मी म्हटलं, जिनं मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी रांगत होते, तिला एकदम ‘तू’ कसं म्हणू? आई म्हणाली, ‘तुम्ही’ म्हटलंस तर ती पत्र न उघडता परत पाठवेल. तेव्हा तू.

मी तुझी भाची. वय सतरा. घरात मला खारू म्हणतात, कारण लहानपणी मी हातात येईल ते गालात भरून ठेवायचे. तुला हे माहीत असेल. आई दर वर्षी तुला माझा फोटो पाठवते हे मला परवाच कळलं. म्हणजे पुढचे दोन दात नसलेला तुझ्याकडे आहे, आणि मी स्वतःच्या हातानं केस कापले होते तोही आहे. कृपा करून भिंतीवर लावू नकोस.

पत्राचं कारण अगदी साधं आहे. कॉलेजात ‘आमच्या घरचा धंदा’ या विषयावर लिहायला सांगितलंय. आमचा धंदा चपला-बूट दुरुस्तीचा, आणि तू बाबांच्या आधी दुकानात बसायचीस असं आजोबा सांगतात. तर मला तुला एकच विचारायचं आहे : चप्पल शिवताना तू मनात काय आणायचीस? हा प्रश्न सरांनीच दिलेला आहे.

दुकान तुला आठवतं तसंच असेल. समोर काउंटर, मागे कलबुतांची फळी, त्यावर लाकडाची ती सगळी पावलं रांगेत. बसायचं स्टूल तेच, मधे खोलगट झालेलं. फक्त आता सगळं काम चिकटवायचं आणि मशीनवर शिवायचं. आरी, रापी, मेणदोरा यांची पेटी माळ्यावर आहे. हातानं शिवलेलं बाबांना चालत नाही. ‘चिकटव आणि दे,’ हा आमचा मंत्र. चिकटवलेलं आठवड्यानं सुटतं, गिऱ्हाईक परत येतं, बाबा परत चिकटवतात. आजोबा दारात खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, ‘या, या, तुमचीच वाट पाहत होतो.’

उत्तर आईच्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, ती तिथे काउंटरवर असते. घरी किंवा दुकानात पाठवू नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझी,
खारू

१४ एप्रिल

प्रिय आत्या,

कार्ड मिळालं. ‘असले प्रश्न कुठलेच सर विचारत नाहीत. खरं काय ते लिही.’ एवढंच. मी आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, ‘हो, तीच आहे.’

तर खरं काय ते लिहिते. मागच्या महिन्यात बाबा रबराचे तळ आणायला गेले होते. आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका आल्या, सँडलची टाच उसवलेली. त्यांना लगेच हवी होती, सभा होती कसली तरी. मी डिंकाचा डबा उघडला तर आत डिंक वाळून दगड झालेला. आजोबा झोपलेले. मुख्याध्यापिका एका पायावर उभ्या. मी माळ्यावर चढले आणि पेटी खाली घेतली.

आत्या, मला कुणी शिकवलेलं नाही. पण आरी हातात आल्यावर हाताला सगळं ठाऊक होतं. मी नुसती बसले होते, काम हातच करत होता. उकडत होतं, पंखा गरम हवा फेकत होता, आणि मी आपली पोहण्याच्या तलावाचा विचार करत होते. पहिल्या पायरीवर पाणी कसं घोट्याला चावतं, ते. शेवटचा टाका आवळला, दोरा तोडला, बाईंनी सँडल घातली आणि निघाल्या.

शाळा डावीकडे आहे. बाई उजवीकडे वळल्या. मी मागे धावले.

तलावाच्या तिकीटखिडकीवरून सरळ आत गेल्या, पायऱ्या उतरल्या आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. काखेत पर्स, डोळ्यांवर चष्मा. रखवालदारानं शिट्टी वाजवली तेव्हा त्याला म्हणाल्या, ‘ओरडू नकोस. पाणी किती गार आहे ते बघत होते.’ आता त्या रोज सकाळच्या बॅचला जातात. शाळेतली मुलं म्हणतात, बाई हल्ली ओरडत नाहीत, फारच थकलेल्या असतात.

मी धावत परत आले तर आजोबांचा एक डोळा उघडा होता.

‘शिवताना कसला विचार करत होतीस गं?’

‘पोहण्याचा.’

‘मग बरोबर आहे,’ म्हणाले, आणि डोळा मिटला.

नंतर हळूहळू त्यांच्याकडून काढून घेतलं. आपल्या घरातल्या काहींच्या हाताला हे आहे. हातटाक्यात शिवणाऱ्याचं मन जातं, आणि चप्पल घातलेला माणूस पहिल्यांदा चालतो तेव्हा तिकडे जातो. फक्त पहिल्या चालीपुरतं. एकदा पोचला की मग चप्पल ही चप्पल. म्हणून आजोबा गिऱ्हाइकाला आधी घर विचारायचे आणि शिवताना पुटपुटत राहायचे : निळं दार, दुसरा मजला, खिडकीत कोरफड. लोकांना वाटायचं म्हातारा जप करतोय. गल्लीतल्या बायका नवऱ्यांचे बूट मुद्दाम उसवून आणायच्या, कारण आमच्याकडून बूट घेतलेला माणूस त्या संध्याकाळी मधे कुठेही न रेंगाळता घरी यायचा.

आणि म्हणाले, सगळ्यांत चांगला हात तुझा. तू म्हणे एका भांडलेल्या जोडप्याच्या चपला वेगवेगळ्या दिवशी घेतल्यास, एकाच वेळी परत दिल्यास, आणि दोघं बागेतल्या एकाच बाकावर जाऊन बसली. ती दोघं अजून येतात. हल्ली एकमेकांचीच गाऱ्हाणी सांगायला, पण एकत्र येतात.

तर आता मला काय हवंय ते लिहिते. मला ते स्टूल हवंय. जूनपासून बाबा मला हॉटेलच्या कारभाराच्या कोर्सला घालणार आहेत. मला हॉटेलात जेवायला आवडतं, तिथे कारभार करायचा नाही. पण बाबा पेटीला हात लावू देत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. आजोबांना विचारलं तर म्हणाले, ‘ते तुझ्या आत्यापाशी अडलंय.’ म्हणजे काय, ते विचारलं तर झोपले.

म्हणजे काय?

खारू

२२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितेय, कारण म्हणजे काय ते मला कळलंय.

परवा बेकरीवाल्याचे बूट आले. बाबा जेवायला वर घरी गेले होते. मी पेटी घेऊन बसले, शहाण्यासारखी बेकरी, बेकरी, बेकरी असं मनात म्हणत. अर्ध्यात मान वर केली तर बाबा दारात.

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आरी माझ्या हातातून काढून घेतली, कापडानं पुसली, पेटीत ठेवली, झाकण लावलं. मग गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, जिथे ते कधी बसत नाहीत.

‘कधीपासून?’

‘मागच्या महिन्यापासून.’

‘मुख्याध्यापिका?’

‘मीच.’

त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण लगेच सावरला. मग म्हणाले, ‘याच हातानं मी तुझ्या आत्याला घालवलं.’

तू गेलीस त्या सकाळी तुझ्या चपलेचा पट्टा त्यांनी शिवला होता. आदल्याच दिवशी आजोबांनी दुकान बाबांच्या हवाली केलं होतं, कारण बाबांचं लग्न झालेलं आणि मी रांगत होते. तुझा हात चांगला असून स्टूल त्यांना मिळालं. तुमचं दोघांचं रात्री कडाक्याचं वाजलं. हे तुला माहीत आहे. तुला बहुतेक माहीत नाही ते असं : बाबांना स्टूल नकोच होतं. त्यांना बंदरावर जायचं होतं. बोटींची ताडपत्री शिवणाऱ्या एका कारखान्यानं त्यांना बोलावलं होतं, आणि त्या सकाळी ते तोंडानं काही न बोलता तुझा पट्टा शिवत होते आणि मनात नुसतं बंदर होतं. बोटी, दोर, खारं वारं.

तू ती चप्पल घालून दोरा आणायला म्हणून बाहेर पडलीस आणि बंदरावर गेलीस.

‘मला नको असलेलं स्टूल मला मिळालं,’ बाबा म्हणाले, ‘तिला हवं होतं ते तिचं गेलं, आणि माझं बंदर तिच्या पायात गेलं. मी तिला हाकललं खारू, शिवून हाकललं. कुठल्या तोंडानं तिला परत बोलावू?’

मी म्हटलं, पण पहिल्या चालीपुरतंच असतं ना, पोचल्यावर ती परत येऊ शकत होती. ते म्हणाले, ‘आली नाही, याचा अर्थ तिला कळलं की मी काय केलं.’

हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. आईला वाटतं तुम्ही दोघं स्टुलावरून रुसला आहात.

तेव्हा आत्या, आता एकाच गोष्टीवर सगळं आहे. तुला चपलांनी नेलं का? ‘हो’ असेल तर बाबांचं खरं, पेटी माळ्यावर राहील, आणि मी जूनपासून पाहुण्यांना खोलीच्या किल्ल्या देईन. तरी खोटं लिहू नकोस, माझ्यासाठीसुद्धा नको. लिहिलंसच तर नीट जमवून लिही.

खारू

ता. क. बेकरीवाला बूट घालून सरळ बेकरीत गेला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

३ मे

प्रिय आत्या,

घोटाळा झालाय. माझ्यामुळे झालाय, पण मला त्याचं म्हणावं तेवढं वाईट वाटत नाही.

तुझं उत्तर येईना. रोज आईला विचारायचे, रोज ती नुसती मान हलवायची. तशात पोस्टमन बूट घेऊन आला. बाबा मागे मशीनवर होते, मशीनचा आवाज होता, मी काउंटरखाली बसून फक्त चार टाके घातले. मनात दुसरं काय असणार? तुझं कार्ड. ते माझ्या हातात, इथे, याच जागी येऊ दे.

दुसऱ्या दिवशी पोस्टमननं बूट घातले, टपाल उचललं आणि बाकीचं सगळं शहर सोडून पहिल्यांदा आमच्या दुकानात आला. त्याच्या पिशवीत तुझं कार्ड होतं, वर चष्म्याच्या दुकानाचा पत्ता. तो म्हणाला, ‘इकडे आलोच आहे तर वहिनींचं हे घ्या.’ आणि मी पाणी प्यायला वर गेले होते.

मी खाली आले तेव्हा बाबा उभ्यानं कार्ड वाचत होते. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी मला पाठ झालंय म्हणून लिहिते : ‘कसल्या चपला? त्याचा पट्टा बसस्टँडवरच तुटला. पुढे अनवाणी बसमध्ये चढले. मला जायचं होतं म्हणून गेले. कारखान्याचं बोलावणं ढब्बूनं उशीखाली ठेवलं होतं, ते मी वाचलं होतं. म्हटलं, त्याला जमत नाही तर मी जाते. ढब्बूला वाटतं तरी काय, तो शिवेल आणि मी चालेन?’

बाबा बाकावर बसले. मला वाटलं आता रडणार. मी पाण्याचा पेला आणला. त्यांनी तो घेतला नाही. मान वर करून मला म्हणाले, ‘माझा टाका तुटला?’

‘टाका नाही बाबा, पट्टा.’

‘पट्टा काय हवेत असतो? पट्टा टाक्यावरच असतो. इथून बसस्टँड केवढं आहे? म्हातारे लोक जेवून शतपावलीला तिथवर जातात. माझं काम तेवढ्यात तुटतं?’

जेवतानाही तेच. आई म्हणाली, ‘इतकी वर्षं तुम्ही कुढत होतात की बहीण तुमच्यामुळे गेली. आता कळलं, नाही गेली. आनंद माना की.’

‘आनंदच आहे,’ बाबा म्हणाले. ‘पण तुटला कसा?’

मग एकदम थांबले. ‘आणि तिला तुझा पत्ता कसा ठाऊक?’

आईनं त्यांना वाढता वाढता सांगितलं की सुरुवातीपासून ठाऊक आहे, दर वर्षी खारूचा फोटो जातो.

‘तू मला सांगितलं नाहीस?’

‘तुम्ही विचारलंत कधी?’

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आम्हाला त्यांची पाठ चोळावी लागली. पाणी पिऊन म्हणाले, ‘मला पण ठाऊक होतं. फोटो पाकिटात घालायचं काम माझ्याकडे आहे.’

म्हणजे घरात बाबा सोडून सगळ्यांना तुझा पत्ता माहीत होता, आणि बाबा सोडून कुणालाच त्यांचं दुःख माहीत नव्हतं. अशा घरात मी वाढले आहे. माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस.

खारू

११ मे

प्रिय आत्या,

तुझं कार्ड या वेळी मुद्दाम दुकानात वाचून दाखवलं. ‘त्याला एवढं वाटतं तर त्याला यायला काय झालं?’ बाबा म्हणाले, ‘चप्पल तुटली असं तिनं म्हटलंय. जी म्हणते तिनं दाखवावी.’ तेव्हापासून घरात कोर्ट भरल्यासारखं झालंय. आजोबा न्यायाधीश आहेत आणि दोन्ही बाजूंकडून बिस्किटं घेतात.

एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. मागच्या आठवड्यात मी तुझ्यासाठी चपला केल्या. माप आईनं सांगितलं. नव्या चामड्याच्या, दोन पट्ट्यांच्या, आणि प्रत्येक टाक्याला मनात आमचं दार. बांधून ठेवल्या होत्या. पार्सल केलं असतं तर तू पायात घालून सरळ इथे आली असतीस, तुझ्या मनात असो नसो. तुला वाटलं असतं तुझं तूच ठरवलंस.

मग मी त्या सगळ्या उसवल्या. चपलांनी आणलेली आत्या बाबांना दाखवून काय करू? म्हणजे त्यांना जे इतकी वर्षं वाटत होतं तेच खरं झालं असतं, फक्त उलट्या दिशेनं. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आजोबांनी पाहिलं, आणि त्यांच्या वाटणीचं एक बिस्किट माझ्यासमोर ठेवलं.

तर माझ्याकडून तुला नुसतं हे पत्र. यावंसं वाटलं तर ये. मला तू हवी आहेस, स्टुलासाठी हवी आहेस, आणि आता थोडी तशीपण हवी आहेस. ती चप्पल तू ठेवली आहेस का? आजोबा पैज लावून बसलेत की ठेवली असणार, कारण तू कधी काही टाकलं नाहीस.

इथून पुढे जागा सोडतेय. बाबांना म्हटलंय, तुम्हाला काही लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर कोरी जाईल.

*चप्पल घेऊन ये. दोन्ही पायांची आण. पाऊस लागला असेल तर आधी सावलीत वाळव, उन्हात नको. मी दुकानात असतो. — ढब्बू*

आत्या, हे लिहायला त्यांना रविवारची अख्खी दुपार लागली.

खारू

२ जून

प्रिय आत्या,

तुझ्याकडून आल्यापासून पायातली वाळू अजून गेलेली नाही. आई रोज झाडते, रोज निघते.

आजोबा म्हणतात हे सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे, कारण तू आणि बाबा आत्तापासूनच वेगवेगळं सांगायला लागला आहात. शिवाय तू पुढे चालत होतीस. तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला कुठे दिसलं?

तर तू आलीस. ‘कशी आहेस’ नाही, ‘कसा आहेस’ नाही, कागदात गुंडाळलेल्या चपला काउंटरवर ठेवल्यास. बाबांनी चष्मा लावला, दिवा खाली ओढला.

‘टाका शाबूत आहे,’ बाबा म्हणाले.

‘पट्टा तुटलाय,’ तू म्हणालीस.

‘चामडं तुटलंय. टाक्याच्या शेजारी. हे बघ, हा माझा टाका, हा, हा आणि हा. चामडं मेलं, टाका जिवंत आहे. हे चामडं कुणी आणलं होतं?’

‘मी.’

‘मग?’

‘म्हणजे चूक माझी?’

‘चूक चामड्याची.’

‘ढब्बू, तू अजून तसाच आहेस.’

‘आणि तू अजून तशीच. पाय न पुसता आत आलीस.’

यानंतर तुम्ही दोघं जे हसलात, ते हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. आई तेवढ्यात चष्मा पुसायला बाहेर गेली. ती चष्मा तिथेच विसरली होती.

मग बाबांनी मला माळ्यावरून पेटी काढायला सांगितली. नवा पट्टा कापला. आरी घेतली. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो, काही पुटपुटतात का म्हणून. ओठ घट्ट मिटलेले. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून चामड्यावर. दोरा तोडला आणि चप्पल तुझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘ताई, चालून बघ.’

तू दाराबाहेर पडलीस. आता तुझ्या मागचं सांगते.

मागे आम्ही सगळी. पुढे बाबा, कमरेला कामाचा फडका तसाच, मग मी, मग आई, मग काठी टेकत आजोबा. तू घड्याळवाल्यापाशी वळशील, मागच्या दारानं वर घरात जाशील, असं मला वाटत होतं. तू वळली नाहीस. फुलवाल्यापाशी वळली नाहीस. सिग्नल ओलांडलास तेव्हा मला कळलं की तू बसस्टँडकडे चालली आहेस.

मी बाबांचा हात धरला आणि म्हटलं, ‘तुम्ही परत बंदराचाच विचार केलात. परत पाठवलंत तिला.’

बाबा चालता चालता हळू म्हणाले, ‘मी दुकानाचा विचार करत होतो.’

‘काय?’

‘दुकान. हे स्टूल. वरची तिची खोली, तिचा पलंग. दुसरं काही डोक्यात येऊच दिलं नाही. प्रत्येक टाक्याला म्हणत होतो, इथेच राहा, इथेच राहा. एवढ्या ताकदीनं मी जन्मात शिवलं नाही.’

आणि तू पुढे, ताठ मानेनं, भराभर, दुकानाच्या बरोबर विरुद्ध दिशेला. मधे एकदा थांबून एका मुलीच्या बुटाची नाडी सुटलीय असं तिला सांगितलंस आणि पुन्हा चालायला लागलीस.

आधी आजोबा हसायला लागले. मग बाबा. मी त्यांना आजवर असं हसताना पाहिलेलं नव्हतं. भिंतीला टेकून, पोट धरून. येणारे-जाणारे बाजूनं जायला लागले. म्हणाले, ‘खारू, या बाईला चपला नेत नाहीत. ही चपलांना नेते.’ मग डोळे पुसले, पुन्हा हसले, पुन्हा म्हणाले, ‘तेव्हाही हीच नेत होती. पट्टा बिचारा तुटला नाही, तर सुटला.’

बसस्टँडवर तुझ्या गावाच्या पाटीखाली तू वळलीस आणि आमची वरात बघून म्हणालीस, ‘माझी सहाची बस आहे, उद्या ताडपत्र्या द्यायच्या आहेत. तुम्ही सगळे कशाला आलात? निरोप दुकानात दिला असता.’ चपला ओढत होत्या का, असं मी विचारलं तर तुला प्रश्नच कळला नाही. तू म्हणालीस, ‘टाचेला जरा घट्ट आहेत.’

पुढचं तुला माहीत आहे, पण तिकीटखिडकीवरचं नाही. बाबा फडका लावूनच रांगेत उभे राहिले. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘किती?’ बाबांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, ‘मला खिडकीची जागा.’ आई म्हणाली, ‘अहो, दुकान उघडं आहे, गॅसवर डाळ आहे.’ तिनं तिथूनच घड्याळवाल्याला फोन केला. त्यानं शटर ओढलं, वर जाऊन गॅस बंद केला, आणि डाळ चांगली झाली होती असं नंतर सांगितलं.

तुझ्याकडे बाबा धक्क्यावर किती वेळ उभे होते ते तू पाहिलंसच. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, हे आपलं राहून गेलं म्हणून. मी जवळ गेले तर म्हणाले, ‘वास बराच येतो गं. मी हा वास हिशेबात धरलाच नव्हता.’ मग तुझ्या कारखान्यात येऊन तुझ्या हाताखालच्या बायकांच्या टाक्यांना नावं ठेवली, तेव्हा मला खात्री पटली की ते सुखात आहेत.

आता इथलं. कोर्सचं नाव घरात कुणी काढत नाही. पेटी माळ्यावरून खाली आली आहे आणि काउंटरच्या उजव्या हाताला असते. स्टूल सकाळी माझं, दुपारी बाबांचं. सकाळी बाबा बाकावर बसून मला दाखवतात : इथे ताण, इथे सोड, इथे काही मनात आणू नकोस. हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे. गिऱ्हाईक आलं की आम्ही घर विचारतो. दार कुठल्या रंगाचं, कितवा मजला. लोक म्हणतात, घरपोच सेवा सुरू केली का? आजोबा म्हणतात, ‘एका अर्थी.’

एकच अडचण आहे आणि त्यासाठीच खरं तर आज घाईनं लिहायला बसले. बाबा इतक्या वर्षांनी शिवायला लागलेत, आणि त्यांचं मन अजून ताब्यात राहत नाही. औषधाच्या दुकानदाराचे बूट काल दुपारी त्यांनी शिवले. मी समोरच होते. पांढरं दार, तळमजला, असं चार टाके नीट म्हणाले, आणि मग थांबून मला विचारलं, ‘तुझ्या आत्याच्या घरामागचा तो दिवा संध्याकाळी कितीला लागतो?’

आज औषधाचं दुकान उघडलेलं नाही.

टक्कल आहे, चौकटीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. स्वभावानं गरीब आहे, पण समोर एकदम समुद्र आला तर गोंधळेल. तुझ्या दारात आला तर त्याला आत घे, चहा दे, धक्का दाखव, आणि संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दे. त्याच्या बायकोला मी सांगून ठेवलंय. ती म्हणाली, काही घाई नाही.

तुझी,
खारू